सात नव्वे, नऊ सत्ते

सातवी ब. जेवणाच्या सुट्टीआधीचा तास.
फळ्यावर लिहिलं, क्रमनिरपेक्षता,
आणि शब्दाला भिऊ नये कुणी म्हणून
त्याखाली लगेच:
सात नव्वे त्रेसष्ट.
नऊ सत्ते त्रेसष्ट.

शिफा शिकलगारचा हात वर.
"बाई, मग अर्धेच पाढे पाठ केले तर चालतील?"
चालतील, म्हटलं.
मला तिच्या वयात हे कुणी सांगितलं नव्हतं.
मी दोन्ही बाजूंनी घोकत बसले
तासगावच्या मार्केट यार्डात, रिकाम्या खोक्यावर,
आणि अप्पा समोर ट्रक भरत होते.
त्यांच्या हातातही आकडाच होता,
लोखंडाचा.

कळलं तेव्हा धावत जाऊन सांगितलं होतं त्यांना:
पन्नास किलोची तीन पोती,
तीन किलोच्या पन्नास पिशव्या, सारखंच!
अप्पांनी पोतं खाली ठेवलं नाही.
तसेच वाकून म्हणाले,
"कागदावर सारखंच.
तीनदा मोडायचं का पन्नासदा वाकायचं,
ते माझ्या पाठीला इचार."

(हे मी वर्गात सांगत नाही.
परीक्षेत येत नाही.)

मराठीत तर शब्द कुठंही बसतात.
आई शिफाला हाक मारते,
शिफाला आई हाक मारते,
हाक मारते आई शिफाला.
तो 'ला' असतो ना,
एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल,
माणूस फिरून आला तरी जागा त्याचीच.
पण प्रत्यय काढा
आणि म्हणा, घर दुकान झालं.
आता म्हणा, दुकान घर झालं.
शटरच्या आत चूल मांडलेल्या बाईला विचारा
दोन्हींत फरक काय.

नवराबायको म्हणतात.
बायकोनवरा म्हटलं तर लोक हसतात.
बहीणभाऊ मात्र कसंही चालतं,
भाऊबहीण, बहीणभाऊ,
फक्त फी एकाचीच होती आमच्याकडे
आणि आधी भाऊ.

मग दोन वर्षं मी शेडमध्ये बेदाणा निवडला.
काळा बाजूला, काडी बाजूला,
गंधकाच्या धुरीनं डोळे चुरचुरत.
द्राक्ष आधी बुडवतात, मग वाळवतात,
उलट करून कुणी पाहिलेलं नाही.
रात्रभर पाण्यात ठेवला तर बेदाणा फुगतो,
अगदी गोल होतो,
घडाला परत लागत नाही.

नंतर अकरावी, बारावी, सगळं झालं.
"झालं की न्हाई शेवटी?" अप्पा म्हणायचे,
"दोन वर्षं हिकडची तिकडं."
बेरीज त्यांची बरोबर होती.
मी मान हलवायची,
आणि त्यांच्या ताटात भाजी
जरा जोरातच वाढायची.

आता दोनच वाक्यं उरलीत माझ्याकडे.
मी अप्पांना माफ केलं.
अप्पा गेले.
रात्री कधीकधी अशा क्रमानं म्हणून बघते.
शब्द तेच, पूर्णविराम तेच,
एकही अक्षर जास्तीचं नाही.
सकाळी ती आपली
मूळ जागी जाऊन बसलेली असतात.

तास संपत आलेला.
शिफानं वहीत पाढ्यांचा चौकोन आखला होता,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ,
वरचा अर्धा भाग भरलेला, सुबक.
खालच्या मोकळ्या अर्ध्यात
बारीक अक्षरात आईची हजेरी:
सोम, मंगळ, बुध खाडा, गुरू.
शेडचं नाव ओळखीचं होतं.

"हुशार आहेस," म्हटलं. "दहावीनंतर काय?"
शिफानं पेन्सिलीला टोक काढलं.
"आधी..." म्हणाली,
आणि घंटा झाली.